तीनशे दहा अंश

बंगळूरच्या ज्या प्रयोगशाळेत मी साडेपाच वर्षं काढली तिथे माझ्यावर कुणी आवाज चढवला नाही की कुणी माझं काही हिरावून घेतलं नाही. तिथे जे वाईट झालं ते मी केलं. ते एका माणसाच्या बाबतीत केलं, आणि त्या माणसाने माझं काहीही बिघडवलेलं नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी पुण्याहून एम.एस्सी. करून पीएच.डी.साठी तिथे गेले. आमचं काम लिथियम नायोबेट नावाच्या स्फटिकावर चालायचं. दिसायला तो खिडकीच्या काचेसारखा, पण त्याच्यात प्रकाश पुरेशा जोराने शिरला तर बाहेर पडताना प्रकाशाचा रंगच बदलतो. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त किरण आत जातो आणि हिरवा होऊन बाहेर येतो. त्यासाठी मात्र प्रकाश पसरू देऊन चालत नाही. शेतात पाण्याला पाट काढून देतात, तसा स्फटिकाच्या पृष्ठभागाखाली प्रकाशाला पाट काढून द्यावा लागतो. आमचे पाट केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याइतके रुंद असत आणि खोली तर मायक्रॉनच्या आतबाहेर. ‘नॅनो’ हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. आम्ही नुसतं ‘गाइड’ म्हणायचो.

ते करायची रीत सांगायला सोपी आहे. स्फटिकाच्या पातळ चकतीवर धातूचा थर चढवायचा, त्यात सरळ बारीक फटी ठेवायच्या आणि ती वितळलेल्या बेन्झॉइक आम्लात बुडवायची. फटींतून आम्ल स्फटिकात मुरतं आणि तिथे पाट तयार होतो. मग चकती काही तास भट्टीत भाजायची आणि अगदी सावकाश थंड करायची. आम्लाच्या वाफेने शिंका येत, घसा दिवसभर खवखवत राही.

सगळ्यात शेवटी काठ. प्रकाश पाटात शिरतो तो चकतीच्या काठातून, आणि पाट असतो काठाच्या अगदी वरच्या कडेला. तिथे एवढासा टवका उडाला की महिन्यांचं काम वाया. म्हणून तो काठ आरशासारखा घासून घ्यावा लागे, आणि आमच्याकडे ते एकच माणूस करायचा.

सगळे त्यांना अण्णा म्हणत. पन्नाशी ओलांडलेले, ठेंगणे, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. घराणं मराठी, पण कितीतरी पिढ्यांपूर्वी बंगळूरला आलेलं. तरुणपणी ते चिकपेटेत चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात होते, तिथून प्रयोगशाळेत आले. पितळेच्या पकडीत स्फटिक मेणाने बसवायचा, जाड काचेच्या तबकडीवर पावडरीचं पाणी ओतायचं आणि इंग्रजी आठाचा आकडा काढत घासत राहायचं. दर टप्प्याला पावडर आणखी बारीक. एका काठाला तीन दिवस लागत. घासताना त्यांची मान कललेली असे आणि नजर भलतीकडेच.

“अण्णा, तुम्ही बघत का नाही?” मी एकदा विचारलं.

“बघून काय कळतंय? ऐकायचं. खरबरीत असतं तोवर ते बोलतं, मग हळूहळू गप्प होतं. स्वल्प थांब, ऐक.”

मी ऐकलं. मला पहिला आवाज आणि नंतरचा आवाज यांत काही फरक कळला नाही.

त्यांचं मराठी घरातल्या घरात टिकलेलं होतं. ‘सरी’ म्हणजे बरं, ‘स्वल्प’ म्हणजे थोडं, असे कानडी शब्द मध्येच यायचे आणि वाक्याचा हेल कानडी असायचा. वसतिगृहात मुंबई-पुण्याच्या आणखी दोन मुली होत्या. त्यांच्यासमोर मी अण्णांची नक्कल करायची आणि त्या हसल्या की मला बरं वाटायचं. सणाच्या दुसऱ्या दिवशी अण्णा माझ्यासाठी वेगळा डबा आणत. त्यात तुरीच्या डाळीचं पुरण घातलेल्या पोळ्या असायच्या, त्यांना ते होळिगे म्हणत. मी चारच्या चार संपवायची आणि वर सांगायची, “आमच्याकडे हरभऱ्याच्या डाळीचं करतात.” ते म्हणत, “असू दे गं, इथे आहेस तोवर हे खा.”

माझ्या तिसऱ्या वर्षी परदेशातून मागवलेल्या चकत्यांपैकी शेवटची उरली होती. नवीन यायला सहा-आठ महिने सहज लागणार होते. त्या चकतीवरचे पाट तोवरच्या सगळ्यांत चांगले उतरले होते. सूक्ष्मदर्शकाखाली बघताना एकही रेघ तुटलेली नव्हती. भाजायचं आणि काठ घासायचा, एवढंच राहिलं होतं.

त्याच आठवड्यात माझा भाऊ आणि वहिनी दोन दिवसांसाठी बंगळूरला आले. घरात लग्न होतं, वहिनीला चिकपेटेतून रेशमी साड्या घ्यायच्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची परतीची गाडी होती. मी त्यांना चार वाजता फाटकाशी या म्हणून सांगून बसले होते.

भाजणं दुपारी संपलं. आमची भट्टी जुनी होती. थंड करताना कुणीतरी समोर बसून दर पंधरा मिनिटांनी तिचा काटा थोडा थोडा खाली आणावा लागे. त्याला रात्रीचे आठ वाजणार होते, आणि आठनंतर दुसऱ्या एका विद्यार्थ्याला भट्टी हवी होती, त्यामुळे नुसती बंद करून जाताही येत नव्हतं. मी कुणालाही बसायला सांगू शकले असते. अण्णा तर आनंदाने बसले असते. पण मग कुठे चाललीस असं कुणीतरी विचारलं असतं, आणि साड्या घ्यायला, हे उत्तर मला द्यायचं नव्हतं. माझे मार्गदर्शक असलेल्या सरांच्या हाताखाली मी एकटीच मुलगी होते. माझ्या आधीची लग्न ठरल्यावर अर्ध्यातून सोडून गेली होती आणि तिचा विषय निघाला की लोक माझ्याकडे बघून हसत.

पावणेचारला काटा तीनशे दहा अंशांवर होता. मी भट्टी बंद केली, झाकण उघडलं आणि चिमट्याने चकती बाहेर काढून फरशीच्या तुकड्यावर ठेवली.

तापमान झपाट्याने बदललं तर या स्फटिकाच्या दोन्ही तोंडांवर विद्युतभार साठतो आणि आतल्या आत तडा जाऊ शकतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. नव्या विद्यार्थ्यांना ते मीच समजावून सांगायची. फरशीवर ठेवल्यावर बांगडीला बांगडी लागावी तसा बारीक आवाज आला. मी वाकून पाहिलं, काही दिसलं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली बघायला दहा मिनिटं लागली असती. मी घड्याळ पाहिलं आणि चकती डबीत घातली.

मग नोंदवही उघडली. दोनशे पंच्याण्णव, दोनशे ऐंशी, दोनशे पासष्ट, अशा रात्री आठपर्यंतच्या नोंदी मी चारच्या आधीच लिहून टाकल्या. सगळ्या एकसारख्या वाटू नयेत म्हणून एका ठिकाणी आकडा खोडून दुरुस्तही केला.

चिकपेटेत आम्ही मजेत फिरलो. वहिनीने मोरपंखी साडी घेतली, मला लिंबाच्या रंगाची घेऊन दिली. गादीवर बसून ती पदर उलगडून बघत होती तेव्हा माझ्या मनात स्फटिक नव्हता.

चकतीतून पाट असलेला लांबट तुकडा कापून मी अण्णांकडे दिला. तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास त्यांच्या खोलीत डोकावले तर ते हात मांडीवर ठेवून नुसते बसले होते. समोर पकड उलटी ठेवलेली. तुकड्याचे दोन भाग झाले होते.

“पोरी, हात जड पडला गं,” ते म्हणाले.

मी तुकडे उजेडात धरले. तडा घासलेल्या काठापासून निघालेला नव्हता. तो मधून, तिरपा गेला होता. हाताच्या दाबाने असा तडा जात नाही. एका नजरेत मला सगळं कळलं.

“असू दे, अण्णा,” मी म्हणाले. “होतं कधी कधी.”

म्हणजे मी त्यांना माफ केलं.

सर आले. सर मूळचे तमिळ, आमच्याशी इंग्रजीत बोलायचे, मोजकं आणि सौम्य. त्यांनी तुकडे पाहिले आणि मला विचारलं, “नीट थंड करून काढली होतीस ना?”

“हो सर. नोंदवहीत आहे.”

त्यांनी नोंदवही मागितलीसुद्धा नाही. तेवढ्यात अण्णा उठून उभे राहिले आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाले, “सर, मुलीची काही चूक नाही. माझाच हात.”

तेव्हा मला तोंड उघडता आलं असतं. दार बंद होतं, खोलीत आम्ही तिघंच होतो. मी खाली तबकडीवर सुकत चाललेल्या पावडरीकडे बघत राहिले. मला वाटत होतं, मी बोलले तर माझ्या हातात पुन्हा चकती पडणार नाही, आणि मुलींचं असंच असतं, हे सगळ्यांना आधीच माहीत असल्यासारखं होईल. ही सबब मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितली. ती अगदीच खोटी नाही. पण तिचं ओझं अण्णांनी का वाहायचं?

दोन आठवड्यांनी सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की आता डोळ्यांना आणि हातांना विश्रांती द्या, सामानाची कोठी सांभाळा. अण्णा म्हणाले, “सरी, सर.” त्या दिवसापासून ते तळमजल्यावरच्या कोठीत बसू लागले. हातमोजे, काचेच्या नळ्या, आम्लाच्या बाटल्या कुणाला दिल्या ते वहीत लिहायचं, एवढंच काम. घासायला यंत्र मागवलं गेलं. त्यांच्या खोलीत ते बसवलं आणि चालवायला मला शिकवलं.

मी कोठीत कमी जाऊ लागले. काही हवं असलं तर दुसऱ्या कुणाला तरी आणायला सांगायची. सणानंतरचा डबा मात्र येतच राहिला. अण्णा तो माझ्या टेबलावर ठेवून जात, बहुतेक मी जागेवर नसताना. त्यातल्या पोळ्या मी सगळ्यांना वाटून टाकायची. चांगुलपणा म्हणून नाही, मला त्या गिळवत नव्हत्या. अण्णांची नक्कलही मी बंद केली. वसतिगृहातल्या एकीने आग्रह केला तेव्हा डोकं दुखतंय म्हणून उठून गेले.

नव्या चकत्या आल्या. यंत्राने पहिले चार काठ माझ्याकडून खराब झाले, पाचवा बरा झाला. पुढच्या वर्षी एका दुपारी खोलीत अंधार करून लेसर लावला, भिंग केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवत राहिले आणि एकदम स्फटिकाच्या दुसऱ्या टोकापुढच्या पांढऱ्या कागदावर हिरवी चंद्रकोर उमटली. नखाएवढी. आत जाताना काहीच दिसत नव्हतं आणि बाहेर हे. मी सरांना बोलावलं, सरांनी सगळ्यांना. कुणीतरी खाली जाऊन अण्णांनाही घेऊन आलं.

ते दाराशी चपला काढून आत आले. बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग वाकून स्फटिकाचा काठ बघितला आणि मला म्हणाले, “काठ चांगला आलाय, पोरी. मशीनचा हात जड पडत नाही.”

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांना ते खरंच वाटत होतं. सगळे माझं अभिनंदन करत होते आणि मी अंधार आहे याबद्दल मनातल्या मनात आभार मानत होते.

प्रबंध पूर्ण झाला तोवर बंगळूरमध्ये सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांचं पीक आलं होतं. मलाही एका कंपनीत जागा मिळाली. प्रयोगशाळेतला शेवटचा आठवडा उरला तेव्हा एका रविवारी सकाळी मी प्रबंधाची एक प्रत घेऊन बसवनगुडीत अण्णांच्या घरी गेले. एका जुन्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत ते दोघं राहत. अण्णांच्या बायकोने, म्हणजे आक्कांनी, दार उघडलं. त्यांना मी आधी कधी भेटले नव्हते, पण त्यांच्या हातचं मी पाच वर्षं खात आले होते.

प्रबंधाच्या सुरुवातीला आभार मानायचे असतात. त्यात अण्णांचं नाव होतं, काठ घासून दिल्याबद्दल. अण्णांनी ते पान उघडून नावावरून बोट फिरवलं आणि आक्कांना दाखवलं. आक्का म्हणाल्या, “आता कुठे हात लावतात हे कशाला. पूर्वी गल्लीतल्या सगळ्यांचे चष्मे नीट करून द्यायचे. आता दाढीलासुद्धा न्हाव्याकडे जातात. म्हणतात, हाताचा भरवसा नाही.”

मी अण्णांच्या हाताकडे पाहिलं. चहाचा काठोकाठ भरलेला पेला त्यांनी बशीत ठेवला, एक थेंब सांडला नाही.

आक्का आत गेल्यावर मी सांगितलं. मनात जुळवून आणलेलं सगळं विसरले आणि भलतीकडूनच सुरुवात केली, भाऊ-वहिनी आले होते, साड्या घ्यायच्या होत्या. शेवटी म्हणाले, “तो तुकडा तुमच्या हातून तुटला नाही, अण्णा. मी भट्टी लवकर उघडली. तडा आधीच गेला होता.”

त्यांनी प्रबंध मिटून बाजूला ठेवला.

“किती अंशांवर?”

“तीनशे दहा.”

त्यांनी मान हलवली, मनातल्या मनात हिशेब लागावा तशी. “पहिल्या दिवसापासून आवाज वेगळा येत होता,” ते म्हणाले. “फुटक्या मडक्यासारखा. मला वाटलं, आपले कान गेले. डॉक्टरकडे जाऊन तपासून आलो.”

“अण्णा, मला माफ—”

“सरांना सांगितलंत तुम्ही?”

पाच वर्षं ते मला तू म्हणत आले होते. मी नाही म्हणाले.

“मग मला कशाला सांगता?” त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. “मी काय करू याचं?”

मी उद्या सरांना सांगते म्हणाले. ते म्हणाले, “चहा घ्या, गार होतोय,” आणि उठून आत गेले. मी चहा संपवला. ते बाहेर येतील म्हणून थांबले. शेवटी आक्का आल्या, कुंकू लावलं, हातावर नारळ ठेवला आणि म्हणाल्या, “ते जरा पडलेत.” बाहेर आमच्यात काय झालं ते त्यांना कळलं नव्हतं. मी तो नारळ घेऊन बसस्टॉपपर्यंत चालत गेले.

सोमवारी मी सरांकडे गेले. सगळं सांगितलं, नोंदवहीतल्या खोट्या आकड्यांसह. सरांनी चष्मा काढून पुसला.

“तेव्हा सांगायला हवं होतंस,” ते म्हणाले.

“हो सर.”

“पण आता त्याचं काय करायचं? त्या निमित्ताने यंत्र आलं, तुझंही काम झालं. अण्णा चार महिन्यांनी निवृत्त होतायत. आता उगाच कशाला?” मग थोडं थांबून म्हणाले, “मी त्यांच्याशी बोलेन.”

ते बोलले की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. खरं तर सरांच्या त्या वाक्याने माझी सुटका झाली होती. त्या आठवड्यात रोज चारला आम्ही सगळे चहाला जमायचो. तिथे सात-आठ जण असत आणि अण्णांच्या हाताने शेवटची चकती तुटली, एवढंच त्या सगळ्यांना माहीत होतं. मी तिथे पाच दिवस बसले, सगळ्यांनी मला शुभेच्छा दिल्या, पेन भेट दिलं. एका वाक्याचं काम होतं. ते मी केलं नाही.

चार महिन्यांनी माझ्या जुन्या सहकाऱ्याचा ऑफिसात फोन आला. शुक्रवारी दुपारी अण्णांचा निरोप समारंभ आहे, तू यायला हवंस, त्यांची तू लाडकी होतीस, असं तो म्हणाला. मी सांगितलं की कंपनीचं प्रशिक्षण आहे, सुटी मिळणार नाही. तो म्हणाला, ठीक आहे, मी सांगतो त्यांना.

प्रशिक्षण नव्हतं. फोन ठेवल्यावर मात्र मी जायचं ठरवलं आणि त्या शुक्रवारी रजाही घेतली. सकाळी न्हाऊन तयारही झाले. मग कपडे बदलले, बादलीत चादरी भिजवल्या आणि दुपारभर त्या धूत बसले.